परत आलेल्यांचं ऐकणार कोण?

विल्यम वायलरच्या 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्हज' (१९४६) या सिनेमात फ्रेड डेरी नावाचा माणूस भंगारातल्या एका बॉम्बर विमानात चढून बसतो. दुसरं महायुद्ध संपलंय. फ्रेड युद्धात बॉम्बार्डियर होता, म्हणजे विमानाच्या नाकात बसून बॉम्ब नेमका कुठे टाकायचा ते बघणारा माणूस. हुद्दा कॅप्टनचा, छातीवर पदकं. परत आल्यावर त्याला मिळालेली सोडा-आइसक्रीम विकायची नोकरी आता गेलीय, बायको सोडून चाललीय आणि गाव कायमचं सोडायचं म्हणून तो विमानतळावर आलाय. वेळ काढायला शेजारच्या मैदानात शिरतो, तर तिथे तोडण्यासाठी आणलेली विमानं ओळीने उभी. सगळ्यांची इंजिनं काढून घेतलेली. फ्रेड आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसतो. कॅमेरा इंजिनांच्या रिकाम्या खोबण्यांवरून सरकत जातो, संगीत इंजिनासारखं घरघरायला लागतं आणि जमिनीवर उभ्या असलेल्या त्या मेलेल्या विमानात फ्रेड घामाने भिजून जातो.

तेवढ्यात खालून मुकादम ओरडतो. फ्रेड भानावर येतो, उतरतो आणि त्याच मुकादमाकडे काम मागतो. ही विमानं तोडून त्यांच्या पत्र्याची घरं होणार असतात. फ्रेडला काम मिळतं.

सीन जबरदस्त आहे. पण पहिल्यांदा बघताना जे भारी वाटतं, ते दुसऱ्यांदा बघताना खटकायला लागतं. फ्रेडच्या घामाचं पुढे काय झालं? त्याची स्वप्नं थांबली का? सिनेमा म्हणतो, काम मिळालं, पोरगी मिळाली, आता काय राहिलं? हा प्रश्न सैनिक घरी परतण्याबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक सिनेमाला विचारता येतो. युद्धातून आलेल्या माणसाच्या मनाचं काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक सिनेमा आपापल्या परीने देतो. कुणी नोकरी देतो, कुणी इंजेक्शन, कुणी कोर्टाचा निकाल, तर कुणी भरायला एक फॉर्म. असे पाच सिनेमे शेजारी शेजारी ठेवून बघायचे आणि कोणतं उत्तर टिकतं ते तपासायचं, एवढाच या लेखाचा उद्योग आहे. यातला पाचवा सिनेमा आपल्याकडचा आहे, आणि तिथे गोष्ट जरा जास्त जवळ येते.

तीन माणसं, एक गाव

'बेस्ट इयर्स'मध्ये तिघं एकाच विमानातून एकाच गावी परततात. फ्रेड, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असूनही सैन्यात सार्जंट म्हणून लढलेला अ‍ॅल, आणि दोन्ही हात गमावलेला नौसैनिक होमर. होमरचं काम हॅरल्ड रसेलने केलंय. तो नट नव्हता. ६ जून १९४४ ला, म्हणजे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरत होत्या त्याच दिवशी, अमेरिकेतल्या एका प्रशिक्षण तळावर स्फोटकं हाताळताना त्याचे दोन्ही हात गेले. सिनेमात दिसणारे हुक त्याचे स्वतःचे आहेत. या एका भूमिकेसाठी त्याला दोन ऑस्कर मिळाली.

वायलर स्वतः युद्धात विमानातून चित्रीकरण करत फिरला होता आणि एका कानाने बहिरा होऊन परतला होता. त्यामुळे बारकावे त्याला उसने आणावे लागले नाहीत. उदाहरणार्थ अ‍ॅलचं पिणं. त्याच्या सन्मानार्थ जेवण ठेवलेलं असतं. शेजारी बसलेली बायको, मिली, काही बोलत नाही. ती काट्याच्या टोकाने टेबलक्लॉथवर रेघा ओढत असते, नवऱ्याच्या प्रत्येक ग्लासाला एक. नवऱ्याला त्रास आहे, हे तिला कळलंय. काय त्रास आहे, हे विचारायची भाषा तिच्याकडे नाही, म्हणून ती मोजते. आपल्याकडे कित्येक घरांत हेच चालतं, फक्त टेबलक्लॉथ नसतो.

दुसरा बारकावा होमरचा. नौदलाने त्याला हुकने काडी पेटवायला, पेन धरायला शिकवलंय. पण रात्री हुक काढून ठेवल्यावर तो साधं दारही उघडू शकत नाही. हे तो आपल्या मैत्रिणीला, विल्माला, एका रात्री खोलीत नेऊन दाखवतो. पट्टे सोडतो, हुक पलंगावर टाकतो आणि आता पळून जायचं तर जा, अशा बेताने उभा राहतो. विल्मा त्याच्या पायजम्याच्या शर्टाची बटणं लावते. पूर्ण सिनेमात मला सगळ्यात खरा वाटतो तो हा सीन. तो लपवायचं थांबवतो आणि ती बघायचं टाळत नाही. दोघांपैकी कुणीही भाषण ठोकत नाही.

म्हणूनच फ्रेडच्या बाबतीत सिनेमाने केलेली चालढकल जास्त लागते. फ्रेडची जखम आत आहे. तो झोपेत ओरडतो, पेटलेल्या विमानातल्या मित्राला हाका मारतो. एका रात्री अ‍ॅलची मुलगी पेगी त्याचा घाम पुसून त्याला पुन्हा झोपवते, पण सकाळी त्या रात्रीबद्दल मोकळं असं बोलणं होत नाही. बायको मेरीचं म्हणणं, झालं गेलं विसर ना एकदाचं. सिनेमा मेरीला वाईट ठरवतो, पण शेवटाकडे जाताना स्वतः तेच करतो. भंगारातलं काम मिळाल्यावर फ्रेडची स्वप्नं पटकथेतून गायब होतात. हाताची जखम दिसते, म्हणून होमरला कोणीतरी बघणारं लाभतं. फ्रेडला नोकरी आणि चुंबन लाभतं.

दिवा लागला आणि विझवला

त्याच वर्षी, १९४६ मध्ये, जॉन हस्टनने लष्करासाठी 'लेट देअर बी लाइट' ही सुमारे तासाभराची डॉक्युमेंट्री पूर्ण केली. ती न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या मेसन जनरल हॉस्पिटलमध्ये चित्रित केलीय. पेशंट खरे, डॉक्टर खरे. उद्देश साधा होता. मानसिक त्रासामुळे सैन्यातून परतलेला माणूस धोकादायक नसतो, त्याला नोकरी द्यायला घाबरू नका, हे मालकलोकांना पटवून द्यायचं. सुरुवातीलाच आकडा येतो. युद्धातल्या अमेरिकी जायबंदींपैकी सुमारे २० टक्के मानसिक स्वरूपाचे होते.

मग एकेक माणूस खुर्चीवर येऊन बसतो. एकाला घरचा फोटो आठवून रडू कोसळतं आणि रडल्याबद्दल तो डॉक्टरची माफी मागतो. एकाला चालता येत नाही, पण पायांत दोष नाही. त्याला सोडियम अमायटलचं इंजेक्शन देतात, तो बोलतो आणि त्याच बैठकीत चालायला लागतो. ओकिनावाच्या लढाईत स्मृती गमावलेल्या एकाला संमोहनाखाली सगळं आठवतं. शेवटी बेसबॉलचा खेळ, मग बस, आणि बसमधून घरी निघालेली हसरी माणसं.

समीक्षक म्हणून बोलायचं तर या फिल्मचे दोन तुकडे पडतात. बोलण्याचे प्रसंग आजही अंगावर येतात, कारण तिथे कॅमेरा गप्प असतो. इंजेक्शन आणि संमोहनाचे प्रसंग मात्र जादूच्या प्रयोगासारखे वाटतात. सुई टोचली, पाय चालू. निवेदक मध्ये सांगतो खरा की लक्षण गेलं म्हणजे आजार गेला असं नाही. पण प्रेक्षकाच्या डोळ्यांनी चमत्कार बघितलेला असतो, आणि डोळ्यांपुढे निवेदकाचं कोण ऐकतो?

लष्कराला ही एवढी आशावादी फिल्मसुद्धा पचली नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये प्रदर्शनाच्या आधी ती जप्त झाली आणि थेट १९८० च्या डिसेंबरपर्यंत बंद राहिली. लष्कराने कारण दिलं ते पेशंटांच्या खाजगीपणाचं. ते अगदीच फालतू म्हणता येत नाही. माणूस सगळ्यात दुबळ्या क्षणी पडद्यावर दिसतोय, हा प्रश्न खराच आहे. पण लष्कराने पुढे काय केलं ते बघा. १९४८ मध्ये त्याच विषयावर 'शेड्स ऑफ ग्रे' नावाची दुसरी फिल्म काढली, नट घेऊन. हस्टनच्या फिल्ममध्ये काळे आणि गोरे सैनिक एकाच वॉर्डात, एकाच गोलात बसलेले दिसतात, तेही लष्करात वर्णभेद अधिकृतपणे चालू असताना. नव्या फिल्ममध्ये सगळे गोरे. आणि त्रासाचं मूळ युद्धाऐवजी सैनिकाच्या लहानपणात, घरच्या वळणात शोधलेलं. थोडक्यात, बंदुकीचा दोष नाही, आईबापांनी नीट वाढवलं नाही. खुद्द हस्टनचं म्हणणं असं होतं की लष्कराला 'योद्धा' या प्रतिमेला तडा जाऊ द्यायचा नव्हता.

गोलात बसलेली माणसं

डॉक्टर खुर्चीवर आणि पेशंट समोर, ही रचना व्हिएतनामनंतर मोडली. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये व्हिएतनामहून परतलेले आणि युद्धाच्या विरोधात गेलेले सैनिक आपापसात बोलायला जमू लागले. त्यांनी रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शटान या दोन मानसोपचारतज्ज्ञांना बोलावलं, पण आपल्या अटींवर. कुणी कुणाचा पेशंट नाही, सगळे एका गोलात बसणार. या बैठकांना 'रॅप ग्रुप' म्हणत, साध्या भाषेत गप्पांचे गट. तिथे जे ऐकायला मिळालं, त्याच्या जोरावर या लोकांनी मानसोपचाराच्या व्यवसायाशी जवळपास दहा वर्षं झगडा केला. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या आजारांच्या अधिकृत यादीत 'पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर' हे नाव आलं. आज इन्स्टाग्रामवर आपण 'पीटीएसडी' हा शब्द सेमिस्टरच्या रिझल्टसाठीसुद्धा वापरतो. तो शब्द आधी एका गोलात बसलेल्या माणसांनी कमावला आहे. त्याच्या आदल्या वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकी संसदेने 'व्हेट सेंटर' सुरू करायला मंजुरी दिली. मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर, बाजारातल्या दुकानासारख्या जागेत चालणारी ही केंद्रं. तिथले कित्येक समुपदेशक स्वतः युद्धावरून आलेले होते.

हे माहीत असलं की 'फर्स्ट ब्लड' (१९८२) वेगळा दिसायला लागतो. रॅम्बो म्हटलं की आपल्यासमोर येतो तो मशीनगन घेतलेला उघडाबंब स्टॅलोन. तो पुढच्या भागांचा आहे. पहिल्या सिनेमाची शेवटची पाच-सात मिनिटं आठवा. सगळं गाव पेटवून झाल्यावर रॅम्बो आपल्या जुन्या कर्नलसमोर कोसळतो आणि बोलायला लागतो. वाक्यं तुटतात, शब्द गिळले जातात. तिकडे लाखोंची यंत्रं ज्याच्या हातात दिली, त्याला इकडे गाड्या पार्क करायचंही काम टिकवता येत नाही. मग मित्राच्या मरणाची गोष्ट येते, आणि ती सांगता सांगता तो लहान मुलासारखा रडायला लागतो. कर्नल खाली बसून त्याला धरतो. अख्ख्या सिनेमात कुणी त्याचं ऐकत असल्याचा हा पहिला प्रसंग. डेव्हिड मॉरेलच्या मूळ कादंबरीत (१९७२) रॅम्बो मरतो. सिनेमासाठीही तसाच शेवट चित्रित झाला होता, पण चाचणीच्या खेळात प्रेक्षकांना तो आवडला नाही. रॅम्बो वाचला, हे बरं झालं. पण वाचलेल्या रॅम्बोला पुढच्या भागात उपचाराऐवजी पुन्हा व्हिएतनामला पाठवलं, ते त्याला मारण्यापेक्षा फार वेगळं नाही.

जोनाथन शे हा बॉस्टनमध्ये माजी सैनिकांवर उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ. त्याने 'अकिलीस इन व्हिएतनाम' (१९९४) आणि 'ओडिसियस इन अमेरिका' (२००२) या दोन पुस्तकांत होमरची महाकाव्यं आपल्या पेशंटांच्या कहाण्यांशेजारी ठेवून वाचली. त्याची एक कल्पना मला फार उपयोगी वाटते, ती म्हणजे नैतिक जखम. भीतीमुळे झालेली जखम वेगळी, आणि जे बरोबर होतं त्याचा आपल्याच वरिष्ठांनी विश्वासघात केला, तोही जिवावर बेतलेल्या प्रसंगी, यातून झालेली जखम वेगळी. पहिलीवर औषध थोडंफार चालतं. दुसरीवर गोळी चालत नाही, कारण त्या माणसाचा मेंदू बिघडलेला नसतो, जगावरचा विश्वास मोडलेला असतो. तो परत जोडायला दुसरी माणसं लागतात, जी ऐकतील, ऐकून पळणार नाहीत आणि ऐकल्यावर लगेच सल्ला द्यायला लागणार नाहीत.

हो किंवा नाही

आता चौथा सिनेमा. डेब्रा ग्रॅनिकचा 'लीव्ह नो ट्रेस' (२०१८). विल हा माजी सैनिक आपल्या किशोरवयीन मुलीसोबत, टॉमसोबत, पोर्टलंड शहराला लागून असलेल्या फॉरेस्ट पार्कच्या जंगलात लपून राहतो. तो काय बघून आला हे सिनेमा एकदाही दाखवत नाही. फ्लॅशबॅक नाही, झोपेतलं ओरडणं नाही, स्फोट नाही. हेलिकॉप्टरचा आवाज येतो, विलचा चेहरा बदलतो, बस. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या तो स्वतः घेत नाही, विकतो आणि त्या पैशांत किराणा आणतो. व्यवस्थेने दिलेल्या मदतीचं त्याने काय केलं, हे सांगायला एवढंच पुरतं.

दोघं पकडले जातात तेव्हा विलला कॉम्प्युटरसमोर बसवून मानसिक चाचणी घेतात. यंत्र एकेक विधान वाचून दाखवतं आणि विलने बरोबर किंवा चूक एवढंच सांगायचं. अशी शेकडो विधानं. विल एका विधानावर विचार करत असतो तोवर यंत्र पुढच्यावर गेलेलं असतं.

माझं पोट फॉर्म बनवण्यावर चालतं, म्हणून हा सीन मला इतरांपेक्षा जरा जास्त टोचला. फॉर्म बनवणाऱ्याला एक गोष्ट पहिल्या वर्षात कळते. डेटाबेसमध्ये रकाना नसेल तर ते उत्तर अस्तित्वातच नसतं. 'हो', 'नाही' असे दोन पर्याय दिले की शंभर टक्के लोक त्यातला एक निवडतात, आणि मग आपण अहवालात लिहितो की शंभर टक्के लोकांनी उत्तर दिलं. 'मधूनमधून', 'रात्रीच', 'ते कोण विचारतंय यावर अवलंबून' हे रकाने कोणी मागितलेले नसतात. फॉर्म वाईट असतो असं नाही. हजारो माणसांतून आज कुणाला तातडीने मदत हवीय, हे शोधायला चाळणी लागतेच. ग्रॅनिकचं मोठेपण असं की ती यंत्राला किंवा ते चालवणाऱ्या सरकारी माणसांना खलनायक करत नाही. ते भले लोक आहेत, घर देतात, काम देतात, मुलीला शाळा देतात. फक्त त्यांच्याकडे चाळणी आहे आणि चाळून झाल्यावर समोर आलेल्या माणसाचं करायचं काय, ते त्यांना ठाऊक नाही. विलला छप्पर मिळतं, पण त्या छपराखाली त्याला झोप येत नाही.

शेवटाकडे दोघं जंगलातल्या एका वस्तीवर पोहोचतात. पाय मोडून पडलेल्या विलवर तिथला एक माजी सैनिक, पूर्वी लष्करात वैद्यकीय काम केलेला माणूस, उपचार करतो आणि आपला कुत्रा काही दिवस त्याच्यापाशी ठेवतो. तो विलला काही विचारत नाही. त्याला माहीत असतं, रात्री जाग आल्यावर शेजारी कुणाचा तरी श्वास ऐकू आला की बरं वाटतं. 'बेस्ट इयर्स'मधल्या बटणांनंतर मला एवढा नेमका सीन पुन्हा दिसला तो इथे.

आणि तरी विल राहत नाही. तुझ्यात जे मोडलंय ते माझ्यात मोडलेलं नाही, अशा अर्थाचं टॉम त्याला सांगते आणि वस्तीवर थांबते. तो जंगलात निघून जातो. मदत चांगली होती, माणसं चांगली होती, प्रेम खरं होतं, आणि तरी पुरलं नाही. अशी कबुली द्यायला धैर्य लागतं. १९४६ च्या दोन्ही सिनेमांकडे ते नव्हतं. त्यांना प्रेक्षकाला हसतमुख घरी पाठवायचं होतं.

पीटरची बेकरी

आपल्याकडे या विषयावरचा ठळक सिनेमा म्हणजे नाना पाटेकरने दिग्दर्शित केलेला 'प्रहार' (१९९१). हिंदी असला तरी त्याचं नाक-डोळे आपल्याच घरचे आहेत. मेजर चव्हाण कमांडोंना प्रशिक्षण देतो. त्याचा विद्यार्थी पीटर एका कारवाईत जायबंदी होतो, सैन्य सोडून मुंबईला परततो आणि वडिलांच्या बेकरीत काम करायला लागतो. हप्ता मागणाऱ्या गुंडांपुढे तो वाकत नाही, आणि ते त्याला मारतात. मग चव्हाण मुंबईत येतो, लोकांचा भेदरटपणा बघतो आणि गुंडांना संपवतो. कोर्टात काय ठरतं? या माणसाचं मानसिक संतुलन नीट नाही. रवानगी वेड्यांच्या इस्पितळात.

उपरोध धारदार आहे. समाजाशी जुळवून घेता येत नाही, हाच आजार ठरतो. हा समाज जुळवून घेण्याच्या लायकीचा आहे का, हे कोर्ट विचारत नाही. पण नानाने एक मोठी गोष्ट हातची घालवली. सिनेमात खरोखर नागरी आयुष्यात परतलेला माणूस एकच आहे, तो म्हणजे पीटर. चव्हाण तर नोकरीतलाच. कमांडोचं शरीर घडवायला वर्षं घातली आणि ते मोडल्यावर पाव भाजायला बसलेल्या त्या पोराच्या डोक्यात काय चालत होतं? तो झोपायचा का? वडिलांशी काय बोलायचा? सिनेमाला त्याचं मरण हवं होतं, कारण त्या मरणावर चव्हाणचा राग उभा राहणार होता. पीटरचं जगणं त्याला नको होतं.

आपल्या पडद्यावर सैनिकाला दोनच जागा आहेत. एक तर तिरंग्यात गुंडाळलेला, नाहीतर पेटून उठलेला. परत येऊन सोमवारी सकाळी काय करायचं हे न कळणारा सैनिक आपल्याला बघवत नाही. वास्तवात मात्र तोच सगळीकडे आहे. साताऱ्याकडचं अपशिंगे घ्या, ज्याच्या नावातच लोकांनी 'मिलिटरी' जोडून टाकलंय, किंवा पश्चिम महाराष्ट्रातलं कुठलंही गाव. तिथे माजी सैनिकाला सरसकट 'मेजर' म्हणतात, मग तो शिपाई म्हणून निवृत्त झालेला का असेना. 'काय मेजर, बरंय का?' आदर आहे, पण पुढचा प्रश्न नाही. वायलरच्या सिनेमात सार्जंट परत येऊन बँकेत साहेब होतो. आपल्याकडचा हवालदार त्याच बँकेच्या दारात दुनळी घेऊन स्टुलावर बसतो. तोही पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेला असतो, आयुष्य अर्धं बाकी असताना.

आता हा प्रश्न माझ्याहून लहान मुलांच्या दारात येऊन ठेपलाय. २०२२ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची सेवा आहे. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होणार, बाकीचे एकरकमी पैसे घेऊन घरी. पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला लागलं, म्हणजे त्यांची चार वर्षं २०२६-२७ मध्ये भरतात. योजना चांगली की वाईट हा वाद इथे नको. पण पंचविशीच्या आतबाहेरची हजारो मुलं दरवर्षी गणवेश उतरवून गावी येणार, यात वाद नाही. त्यांच्या पुढच्या नोकऱ्यांबद्दल सगळे बोलतात. त्यांच्या झोपेबद्दल कोण बोलतं?

काही हालचाल आहे. सरकारच्या टेलिमानस या फोनवरच्या मानसिक मदतसेवेचा (१४४१६) सैन्यदलांसाठीचा खास कक्ष २०२३ च्या डिसेंबरपासून पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. हे महत्त्वाचंच आहे. पण फोन उचलायला आधी माणसाला वाटावं लागतं की आपल्याला जे होतंय ते बोलण्यासारखं आहे. ते वाटायला लावणं हे काही अंशी गोष्टींचं, सिनेमांचं, पुस्तकांचं काम आहे.

आणि गोष्ट आपल्याकडे नाही असंही नाही. महाभारतात युद्ध जिंकलेला युधिष्ठिर राज्य नको म्हणतो. कर्ण आपला भाऊ होता हे कळल्यावर त्याला स्वतःच्या विजयाची शिसारी येते. भाऊ समजावतात, द्रौपदी रागावते, व्यास सांगतात, कृष्ण सांगतो, शरशय्येवरचा भीष्म तर बोलतच राहतो. एका माणसाला युद्धातून घरी आणायला महाभारताने अख्खं शांतिपर्व खर्ची घातलं. तो राजा होता, म्हणून एवढी माणसं भोवती बसली. दुसरीकडे अश्वत्थामा. रात्री झोपलेल्या पोरांना कापून काढणारा, कपाळावरचा मणी काढून घेतलेला, शापाने भटकणारा. त्याचं कृत्य भयंकरच. व्यासांच्या ग्रंथात त्याला क्षमा नाही. लोकांनी मात्र त्याची गोष्ट तिथे सोडली नाही. नर्मदेच्या काठाने तो अजून फिरतो आणि जखमेवर घालायला तेल मागतो, असं परिक्रमावासी सांगतात. नंदुरबारच्या सातपुड्यात अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या सुमारास आदिवासी त्याच्या यात्रेला चढतात.

लोकांच्या गोष्टीतला अश्वत्थामा जखम बरी करून मागत नाही. ती बरी होणार नाही, हे त्याला माहीत आहे. तो थोडं तेल मागतो, आणि त्याला ओळखूनही दार न लावणारं कुणीतरी त्याला हवं असतं. विल्मा बटणं लावते, कर्नल खाली बसतो, जंगलातला माणूस कुत्रा देतो. हे सगळं तेलच आहे. मेसनमधलं इंजेक्शन, चव्हाणचं इस्पितळ, विलसमोरचं यंत्र यांची गरज असेल किंवा नसेल, पण तेलाची जागा त्यांना घेता येत नाही.

म्हणून पुढचा मराठी दिग्दर्शक किंवा कादंबरीकार या विषयाला हात घालेल, तेव्हा त्याच्याकडे मागणं एकच. पीटरला लवकर मारू नका. त्याला बेकरीत बसू द्या, पहाटे भट्टी पेटवू द्या. भट्टीचं दार आपटलं की तो का दचकतो, हे त्याच्या वडिलांना विचारू द्या. उत्तर यायला अडीच तास लागले तरी चालेल, आम्ही बसून राहू.